आमची वाटचाल: रिळांवर गुंडाळलेला पैसा

भोसरी एमआयडीसीत आम्ही पंपांची कंट्रोल कार्डे, म्हणजे पंप चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, बनवतो. ताळेबंदात नफा आणि चालू खात्यात खडखडाट, हे आमचे जुने दुखणे. पैसा स्टोअरमध्ये होता, सुट्या भागांच्या टेपच्या रिळांवर गुंडाळलेला. साठा कमी करायचे ठरले तेव्हा जो तो ॲपलचा दाखला देई: त्यांनी साठा बघता बघता उतरवला, मग तुम्हीही उतरवा. तो आम्ही नीट तपासला आणि त्यातला निम्माच उचलला.

सप्टेंबर १९९७ मध्ये ॲपलच्या ताळेबंदात ४३.७ कोटी डॉलरचा माल होता. वर्षाने तो ७.८ कोटींवर आला, आणखी वर्षाने २ कोटींवर. मार्च १९९८ मध्ये कॉम्पॅक या संगणक कंपनीतून आलेल्या टिम कुक यांनी मुख्य पुरवठादार शंभरावरून चोवीसवर आणले आणि १९ पैकी १० गोदामे बंद केली. दुधाच्या धंद्यात माल सांभाळतात तसा सांभाळा, असे त्यांचे म्हणणे. पण त्याआधीच स्टीव्ह जॉब्स यांनी मॉडेलांची गर्दी छाटून चार चौकटींत बसवायला घेतली होती: घरगुती आणि व्यावसायिक, डेस्कटॉप आणि लॅपटॉप. मॉडेले घटली म्हणून सुटे भाग घटले, आणि भाग घटले म्हणून साठा घटला. दाखला देणारे नेमके हेच वगळतात.

दुसरे म्हणजे, माल हवेत विरत नाही. डेलच्या कारखान्यालगत पुरवठादारांची गोदामे असत आणि लाइनवर जाईपर्यंत माल त्यांच्याच मालकीचा राही. ॲपलच्या अहवालांत साठा इवलासा दिसतो, पण खरेदीची बांधिलकी वेगळी लिहिलेली असते. १५० दिवसांपर्यंतच्या गरजेची, असे कित्येक वर्षे त्यात छापून येई. २००५ मध्ये तर फ्लॅश मेमरीसाठी ॲपलने पाच कंपन्यांशी करार करून १२५ कोटी डॉलर आगाऊ द्यायचे कबूल केले. आपण या खेळात पुरवठादाराच्या बाजूला बसलेलो असतो. मोठ्या गिऱ्हाइकाचा साठा कमी होतो तेव्हा तो आपल्या फळीवर येतो.

म्हणून आम्ही किती दिवसांचा साठा ठेवायचा याच्या आधी भागांचे प्रकार कमी केले. सगळ्या कार्डांचे बीओएम (सुट्या भागांच्या याद्या) एकाखाली एक मांडले, तर १० किलोओहमचा रेझिस्टर दोन आकारांत, शिवाय १ टक्का आणि ५ टक्के अचूकतेचा असा वेगवेगळा निघाला. एसएमडीत (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या भागांत) या दोन टक्केवाऱ्यांच्या भावात फरक नगण्य, म्हणून सगळीकडे ०६०३ हा आकार, १ टक्का. १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर १६, २५ आणि ५० व्होल्टचे होते. सगळे ५० व्होल्ट, एक्स७आर या सिरॅमिक प्रकारातले केले. १० मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकला मात्र हा नियम लावू नका. डीसी व्होल्टेज चढले की त्याची क्षमता घटते आणि लहान आकारात जास्तच घटते. ०८०५ या मोठ्या आकाराच्या जागी ०६०३ बसवला तर कार्ड टेस्टिंगला पास होते आणि साइटवर रीसेट होत राहते. मेन्सवरचे (वीजपुरवठ्याच्या बाजूचे) एक्स आणि वाय हे सुरक्षेचे कपॅसिटर गिऱ्हाइकाच्या लेखी मंजुरीशिवाय बदलायचेच नाहीत.

०६०३ रेझिस्टरचे रीळ ५,००० नगांचे येते. ते किती दिवस पुरेल हे मोजणे म्हणजे वेळेची नासाडी. एक रीळ फीडरवर (मशीनला भाग पुरवणाऱ्या खाचेत), एक कपाटात. कपाटातले काढले की त्याला लावलेली चिठ्ठी खरेदीच्या टेबलावर. रिले, ट्रान्सफॉर्मर आणि मायक्रोकंट्रोलर (कार्ड चालवणारी चिप) यांचा मात्र हिशेब हवा. रोज १२० रिले लागतात आणि माल यायला कामाचे ६ दिवस, तर ७२०; वर दोन दिवसांची राखीव २४०. म्हणजे साठा ९६० वर आला की ऑर्डर.

चूक होते ती त्या ‘६ दिवसां’त. विक्रेता सांगतो तो आकडा धरायचा नाही. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) तारखेपासून आलेल्या मालाची इनवर्ड तपासणी होऊन माल फळीवर लागेपर्यंतचे दिवस मोजायचे आणि शेवटच्या दहा खेपांतला सर्वांत वाईट आकडा घ्यायचा. २०२१ च्या चिपटंचाईत कित्येक मायक्रोकंट्रोलर मिळण्याची मुदत वर्षाच्या पुढे गेली. एकाच कंपनीची आयात चिप असेल तर तिचा काही महिन्यांचा साठा ठेवावा. तिथे काटकसर करू नये.

साठा कमी केल्यावर आणखी एक त्रास होतो. लॉट लहान झाले की सीलबंद पाकिटे जास्त वेळा फुटतात. एमएसएल ३ (ओलाव्याला नाजूक असण्याचा एक वर्ग) मधल्या आयसीला, म्हणजे चिपला, पाकीट उघडल्यावर १६८ तास मिळतात, तेही ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत. पुण्याच्या पावसाळ्यात उघड्या शेडमध्ये ती अट पाळली जात नाही. मुदत उलटली की बेक करावे, म्हणजे तापवून ओल काढावी लागते. ट्रेमधला माल १२५ अंशांवर चालतो, पण रिळाची टेप त्या तापाला टिकत नाही आणि ४० अंशांवर कित्येक दिवस जातात. ड्राय कॅबिनेट (माल कोरडा ठेवणारे कपाट) आधी घ्या, लॉट मग लहान करा.

टॅलीत ४०० आणि फळीवर ३१० हा प्रकार चोरीचा क्वचितच असतो. फीडरला टेप लावताना सुरुवातीचे नग वाया जातात, मशीन काही नग टाकून देते, आणि रिपेअरच्या टेबलावरून हात पुढे होतो तो स्लिपशिवाय. वर्षातून एकदा मोजण्यापेक्षा रोज सकाळी पाच महागडे भाग मोजावेत.

बँकेचेही आधी बघावे. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर (कर्जखात्यातून किती रक्कम उचलता येईल ती) साठा आणि येणी यांवर ठरते; साठा घटवला की महिन्याच्या स्टेटमेंटला तीही घटते. पुरवठादाराचे पैसे थकलेले आणि मर्यादा पूर्ण वापरलेली असेल तर पहिला फटका तिथेच बसतो. साठा टप्प्याटप्प्याने उतरवावा आणि सुटलेली रक्कम आधी कॅश क्रेडिटमध्येच भरावी.

गिऱ्हाईक ‘तुमच्याकडे माल तयार ठेवा’ म्हणते तेव्हा आम्ही आता पीओत एक ओळ मागतो: ६० दिवसांत न उचललेल्या मालाचे बिल लागेल, आणि डिझाइन बदलले तर उरलेले भाग गिऱ्हाईक घेईल.