खुराकाची म्हैस

मी आहारतज्ज्ञ. व्यायामानंतर पोट फुगतं म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत जिमवाले जास्त. त्यांचं उत्तर बहुतेक वेळा डब्यावरच छापलेलं असतं: स्वस्त व्हे कॉन्सन्ट्रेटमधलं, म्हणजे प्रोटीन पावडरीतलं, लॅक्टोज (दुधातली साखर), नाहीतर 'शुगर फ्री' बारमध्ये साखरेऐवजी घातलेलं माल्टिटॉल. डबा बदलला की सुटले. खानापूर तालुक्यातल्या या पोराकडे डबाच नव्हता.

वय १९, लष्करभरतीची तयारी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आमच्याकडे गावोगाव अशी पोरं पहाटे रस्त्यावर दिसतात. १.६ किलोमीटरची धाव तो छान काढायचा, पण तासाभरात पोट नगाऱ्यासारखं व्हायचं आणि दुपारपर्यंत गुरगुरायचं. सोनोग्राफी झाली होती, गॅसच्या गोळ्या झाल्या होत्या. काय खातोस, हे सगळ्यांनी विचारलेलं. कधी, किती वेळात, उभ्यानं की बसून, हे कुणीच नाही. या प्रश्नांचं बिल होत नाही ना.

शौचात रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन, झोपेतून उठवणारी कळ, ताप, हे आधी विचारून घेतलं. यातलं एक जरी असतं तरी आहाराचं बोलणं थांबवून डॉक्टरांकडे परत पाठवलं असतं. नव्हतं. मग त्याला पहाट सावकाश सांगायला लावली.

उठल्यावर मूठभर भिजवलेले कच्चे हरभरे, वर त्यांचंच पाणी. मग धाव. घरी येऊन धापा टाकत असतानाच आई तांब्या हातात देणार: लिटरभर म्हशीचं दूध, उभ्यानं, एका दमात. पोट तटतटलं की स्टँडवर जाऊन गोटी सोडा, कारण ढेकर आली की बरं वाटतं.

जोरात धावताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळतं, आतड्यांच्या वाट्याला फार कमी उरतं. थांबल्या थांबल्या ते पूर्ववत होत नाही. नेमक्या त्या वेळी लिटरभर दूध, म्हणजे साधारण ५० ग्रॅम लॅक्टोज. लहानपणानंतर ते पचवणारं विकर आपल्याकडे पुष्कळांचं कमी होतं. अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमच्या आसपास सोसतं. उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात, वायू होतो. हरभऱ्यातल्या काही साखरांचंही तेच, आणि भिजवलेल्या पाण्यात त्या उतरलेल्या असतात. गटागटा पिताना गिळलेली हवा वेगळी. सोड्यातला वायू तर विकतचा.

मी सांगितलं: धाव झाली की दहा मिनिटं चाल, पाणी घोट घोट घे. अर्ध्या तासानं बसून केळं, अंडी, भाकरी. हरभऱ्याचं पाणी फेकून ते शिजवायचे, आणि संध्याकाळी खायचे. सोडा बंद. दूध विरजायचं, कारण दह्यातले जंतू लॅक्टोजचं थोडं काम आधीच उरकतात. त्याचं मीठ-जिरं घातलेलं ताक. आणि हे सगळं एकदम नाही, आठवड्याला एकच बदल.

आई गप्प होती. मग म्हणाली, "म्याडम, त्येच्यासाठीच म्हस घेतलीया. सोसायटीचं कर्ज हाय. आणि तुमी दूधच सोसत नाय म्हणतासा?"

यावर माझ्याकडे तक्ता नव्हता.

दोन दिवसांनी त्याच्या प्रशिक्षकांचा, एका निवृत्त फौजींचा, फोन. "ताकावर जवान होतो काय हो?" माणूस चांगला. एक पैसा न घेता पोरांकडून मेहनत करून घेतो, धावण्याची ढब नीट बसवतो. पण खाण्यातलं त्याला त्याच्या वस्तादानं सांगितलं तेवढंच. तासन्‌तास जोर-बैठका मारून, खुराक घेऊन दुपारी झोपणाऱ्या पैलवानाचा हिशेब तो सहा मिनिटांच्या धावेला लावतो.

पुढच्या वेळी पोरगा आला तो हसतच. पोट उतरलं होतं. आणि पठ्ठ्यानं सगळे बदल पहिल्याच दिवशी एकदम केले होते! आता दोष दुधाचा, की हरभऱ्याचा, की त्या एका दमाचा? हायड्रोजनच्या श्वासचाचणीनं लॅक्टोजचं तरी कळलं असतं, पण सोनोग्राफीनंतर घरचे आणखी पैसे घालायला तयार नाहीत, आणि पोट बरं झाल्यावर मी तरी कुठल्या तोंडानं सांगू?

आईनं मात्र तेवढंच पकडलं. "म्हंजे दूध गुन्हेगार हाय असं नाय म्हणा की." नाही म्हणता येईना. रात्री जेवणासोबत, बसून, अर्धा कप देऊन बघा म्हटलं. चार दिवस सोसलं तर एक कप.

"अर्ध्या कपासाठी म्हस?"

"बाकीचं डेरीला घाला, मावशी. हप्ता तरी निघेल."

"डेरीला घालायला घेतली नव्हती," म्हणाल्या, आणि अर्धा कप म्हणजे नेमका कुठला कप, ते मला टेबलावरचा चहाचा कप उचलून दाखवायला लावलं.