सुट्टी आधी लिहिली, मग घालवली

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या नावावर एक तरी साहित्यकृती जमा असते आणि तिचे शीर्षक 'सुट्टी मी कशी घालवली' हे असते. गोव्यात या विषयाला एक फांदी जास्त फुटते, कारण चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आणि मे महिन्याच्या सुट्टीबरोबर आम्हांला नाताळचीही सुट्टी मिळते, आणि जानेवारीत वर्ग भरले की फळ्यावर 'नाताळच्या सुट्टीतील मजा' हा विषय हमखास येतो. या विषयावरचा माझ्या मते सर्वोत्तम निबंध मात्र कुठल्याही गोमंतकीय विद्यार्थ्याने लिहिलेला नाही. तो एका विज्ञानकथामालिकेच्या वार्षिकात छापून आला, आणि लिहिणारी होती सॅली स्पॅरो नावाची बारा वर्षांची काल्पनिक मुलगी.

ती मालिका म्हणजे बीबीसीची 'डॉक्टर हू'. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली होती, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवण्यात आला. कालप्रवासाच्या मालिकेने पहिल्याच आठवड्यात मागे जाऊन यावे, हे तसे शोभण्यासारखेच झाले. पहिल्या भागानंतर सोळा दिवसांनी, ९ डिसेंबरला, मुक्त गोव्याने आपल्या पहिल्या विधानसभेसाठी मतदान केले, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. तिकडे पोलिसांच्या निळ्या खोक्यातून काळ ओलांडणारा डॉक्टर आणि इकडे सुट्टीवर निबंध लिहिणाऱ्या आमच्या पिढ्या, यांचा मुहूर्त असा जवळजवळ एकच निघाला.

सॅलीची गोष्ट लेखक स्टीव्हन मॉफट यांची आहे. '२००६चे वार्षिक' म्हणून २००५ साली निघालेल्या पुस्तकात ती आली, आणि तिचे नावच मुळी 'नाताळच्या सुट्टीत मी काय केले' अशा अर्थाचे, लेखिकेच्या जागी सॅलीचे नाव घातलेले आहे. सॅली सुट्टीत मावशीकडे राहायला जाते. तिथे भिंतीवरच्या सुटलेल्या कागदाखाली तिला वीस वर्षांपूर्वीचा, म्हणजे १९८५ सालचा मजकूर दिसतो, आणि त्यात डॉक्टरने चक्क तिलाच नावाने हाक मारून मदत मागितलेली असते. डॉक्टरचे ते निळे खोके, म्हणजे त्याचे कालयंत्र, त्याला मागे टाकून एकटेच वीस वर्षे पुढे निघून आलेले आहे. पुढे सॅलीच्या हाती एक व्हिडिओ टेप लागते, आणि १९८५ सालात बसलेला डॉक्टर टेपमधून तिच्याशी बोलू लागतो. ती विचारते, तो उत्तर देतो. ती मध्येच बोलते, तो थांबतो. हे त्याला साधते, कारण त्याच्या हातात सॅलीचा निबंध आहे. ती पुढे मोठी झाल्यावर त्याला भेटणार आहे आणि हा गृहपाठ त्याला देणार आहे, तेव्हा ती काय काय विचारील हे तो नुसते वाचून दाखवतो. मग सॅली यंत्र घेऊन त्याच्याकडे जाते, आणि परत आल्यावर झाले ते सगळे निबंधात लिहिते.

निबंध आधी आणि सुट्टी नंतर, हा प्रकार वाचून परदेशी वाचक चक्रावला असेल. आम्ही चक्रावण्याचे कारण नव्हते. फोंड्याकडच्या आमच्या वर्गात प्रत्येकाची सुट्टी गाइडमध्ये आगाऊच छापलेली असे. डोंगराच्या कुशीत मामाचे गाव, गावाबाहेर झुळझुळ वाहणारी नदी, झाडावर चढून काढलेल्या कैऱ्या आणि निघताना आजीच्या डोळ्यांत पाणी. कुणाचा मामा वास्कोत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड करून राहत असला, तरी नदी चुकत नसे. आमच्यातली काही सद्गुणी मुले तर मामाकडे पोहोचल्यावर खरोखरच नदीची चौकशी करीत, कारण निबंधात ती यायची होती, हे त्यांना ठाऊक होते. शेवटच्या बाकावरचा मुलगा पहिल्या बाकावरून उतरवून घेई, पहिल्या बाकावरचा गाइडमधून घेई, आणि गाइड लिहिणाऱ्या गृहस्थांनी तो मजकूर कुठल्या तरी जुन्या गुणी विद्यार्थ्याच्या वहीतून उचललेला असणार, ज्याने तो त्याहून जुन्या गाइडमधून घेतलेला असणार. नदी मुळात कुणी पाहिली होती, याचा तपास लागणे शक्य नाही.

सॅलीच्या गोष्टीतला खरा पेच हाच आहे. सॅलीने संभाषण ऐकून निबंध लिहिला आणि डॉक्टरने निबंध वाचून संभाषण केले; मग ती वाक्ये पहिल्यांदा सुचली कुणाला? आपल्याकडे अशा ठिकाणी सटवीचे नाव पुढे करून मोकळे होता येते. बाळाच्या सहाव्या रात्री कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, रात्री सटवी येऊन लिहून जाते, आणि ते कुणाला वाचता येत नाही म्हणून जन्मभर तक्रारही करता येत नाही. सॅलीच्या बाबतीत सटवी बारा वर्षांची आहे, ती स्वतःच लिहिते आहे आणि कागद तिच्या हातात आहे. तिने वात्रटपणाने एखादे उत्तर बदलून लिहिले असते तर काय झाले असते, या प्रश्नावर विद्वानांनी बरीच डोकेफोड करावी. मला वाटते, निबंध बाईंकडे तपासायला जायचा असल्यामुळेच विश्वाची घडी विस्कटली नाही.

पुढे मॉफट यांनी या कल्पनेवर मालिकेचा एक भाग लिहिला. 'ब्लिंक' नावाचा तो भाग ९ जून २००७ रोजी दाखवला गेला आणि २००८ साली त्याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. त्यात सॅली मोठी झालेली आहे, ती भूमिका कॅरी मुलिगनने केली आहे, डॉक्टर १९६९ सालात अडकला आहे, आणि नजर हटली की पुढे सरकणाऱ्या दगडी देवदूतांच्या मूर्ती आहेत. तो भाग पाहिल्यावर मला काही दिवस जुन्या गोव्यातल्या चर्चमधल्या मूर्तींकडे पाठ करून उभे राहणे जड गेले, हे मान्यच आहे. पण निबंधाच्या जागी तिथे टिपून घेतलेल्या संवादाची कागदपत्रे आली, आणि गृहपाठ गेल्यामुळे गोष्टीतला माझा जीव निम्मा गेला. भीती काय, कुणीही घालू शकते.

हीच गोष्ट गोव्यात घडवायची म्हटली तर पहिली अडचण भिंतीची. आमच्या चिऱ्यांच्या घरांना कागद डकवत नाहीत. चवथीआधी चुना काढतात, आणि वीस चवथींच्या चुन्याखाली गेलेला मजकूर खरवडायला गेले तर पोपड्याबरोबर मदतीची हाक आणि निम्मी सॅली दोन्ही खाली पडतील. टेपचे त्याहून कठीण. वीस पावसाळे माळ्यावर काढलेली टेप मी उघडून पाहिलेली आहे: रिळाच्या कडेला पांढरी बुरशी कापसासारखी धरलेली असते, वास ओल्या गोणपाटाचा येतो, आणि यंत्रात घातली की चित्राऐवजी पडद्यावर मुंग्या फिरतात. डॉक्टर बोलला असता, सॅलीने ऐकले मात्र काही नसते.

आणि समजा, एखाद्या काळजीवाहू मावशीने टेप तांदळाच्या कणगीत पुरून जपलीच, तरी खुद्द निबंधाचे काय? नव्या वह्या आल्या की आमच्याकडे जुन्या वह्या रद्दीत जातात, आणि रद्दी जत्रेत जाते. मोठ्या झालेल्या सॅलीकडे डॉक्टरला द्यायला काहीच उरले नसते. त्याला स्वतःलाच जत्रेच्या फेरीत खाजे आणि चण्यांच्या पुड्या घेत, प्रत्येक पुडी उलगडून अक्षर ओळखत हिंडावे लागले असते, आणि तेलकट झालेल्या एका पानावर तिसऱ्या प्रश्नापर्यंतचाच मजकूर सापडला असता. टेपमध्ये तो तीन उत्तरे देऊन आणखी चणे आणायला उठून गेला असता, आणि यंत्राची कुठली कळ दाबायची हे विचारीत सॅली इकडे पडद्यासमोर खोळंबली असती.