आमची वाटचाल : चरकाच्या बुशापासून होडीच्या सुकाणूपर्यंत

साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीत आमचा गाळा आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, पाच माणसं. वडिलांनी १९८८ साली सुरुवात केली ती गुऱ्हाळाच्या चरकाचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळकांडी) आणि पंपाचे शाफ्ट करून. गाळप संपलं की साखर कारखान्यांचं ओव्हरहॉलिंग. पोट आजही त्यावरच भरतं. होड्यांचं काम आमच्याकडे आलं कसं, हे मात्र लोक हमखास विचारतात, कारण घाट उतरल्याशिवाय इथून समुद्र नाही.

२०१४ च्या उन्हाळ्यात गुहागरकडचे एक गृहस्थ गोणपाटात गुंडाळलेली दोन सुकाणू घेऊन आले. त्यांच्याकडे जुनी होबी १६ होती. दोन सडपातळ फायबरच्या होड्या आडव्या नळ्यांनी जोडलेली, पाच मीटर लांबीची ही शिडाची कॅटामरान. कॅलिफोर्नियाच्या होबी अल्टरने ती काढली त्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. ती वाळूवरून थेट पाण्यात ढकलतात, म्हणून सुकाणू तळाला लागलं की आपोआप वर उचललं जायला हवं. यांचं उचललं जात नव्हतं, आणि हाताने उचललंच तर परत खाली अडकत नव्हतं. वडिलांनी ते दोनदा उघडझाप केलं आणि म्हणाले, "हा तर कपाटाच्या दाराचा चाप आहे."

तसंच आहे ते. वरच्या कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, स्प्रिंगने दाबलेला प्लंजर (दट्ट्या), खालच्यात छोटा प्लास्टिकचा कॅम, म्हणजे फिरणारा खाचेचा तुकडा. टिलर, म्हणजे सुकाणू वळवायचा दांडा, खाली दाबला की प्लंजर कॅमच्या खाचेत बसतो आणि पातं उभं राहतं. पात्याला खडक लागला की कॅम फिरतो, प्लंजर सुटतो, पातं वर. पातं पूर्ण खाली न बसता थोडं जरी मागे कललं, तर टिलर इतका जड होतो की तासाभरात मनगट भरून येतं.

पहिला कॅम आम्ही नायलॉनचा केला, कारण रॅकवर नायलॉनचा रॉड पडून होता. गाळ्यात मस्त फिरला. महिनाभराने फोन आला, गच्च बसलाय. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं हे चरकाच्या कामात कधी नडलं नव्हतं. तेव्हापासून कॅम आणि बुश दोन्ही अ‍ॅसिटलचे, हे प्लास्टिक फारसं पाणी पीत नाही. दुसरी चूक ग्रीसची. आम्ही सवयीने ठासून ग्रीस भरलं, त्याला वाळू चिकटली आणि व्हॉल्व्ह घासायची पेस्ट तयार झाली. आता आत काही भरत नाही. गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारायचा.

तिसरी चूक मात्र महागात पडली. २०१६ साली दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची तक्रार होती की लाटेतसुद्धा पातं सुटतं. आम्ही स्प्रिंगचा स्क्रू पूर्ण आवळून दिला. लेथवाल्याला घट्ट म्हणजे चांगलं असंच वाटतं. ओहोटीला त्यांची होडी खडकावर गेली. पातं सुटलंच नाही, सुटली ती मागची बिजागरी, फायबरच्या तुकड्यासकट. चूक सरळ आमची होती, फायबरच्या दुरुस्तीचे पैसे आम्ही दिले. मूळ दुखणं स्प्रिंगचं नव्हतंच. कॅमची कड झिजून गोल झाली होती. तेव्हापासून आधी कॅम बघतो, मग स्क्रूला हात लावतो. पात्याच्या टोकाला ताणकाटा लावून ते किती ओढीला सुटतं ते मोजतो आणि डावं-उजवं सारखं करतो. नाहीतर एक सुकाणू आधी सुटतं आणि होडी भलतीकडे वळते.

जुन्या कास्टिंगची भोकं लांबट झालेली असतात. नवी पिन घातली तरी खडखड राहते, म्हणून भोक रीमरने गोल करून बुश बसवतो. खरा वेळ खातात ते अ‍ॅल्युमिनियममध्ये खारं पाणी पिऊन रुतलेले स्टेनलेसचे स्क्रू. आमचा सर्वांत जुना कारागीर ते बेताने शेकून, टिचक्या मारत काढतो. तो कामाला बसला की गाळ्यात कोणी त्याच्याशी बोलत नाही. परत बसवताना आट्यांना गंजरोधक लेप लावायचा, एवढ्याने पुढच्या वेळचे दोन तास वाचतात.

आता कोकणातून, पुण्या-मुंबईहून वर्षाला पंधरा-वीस जोड्या येतात, बहुतेक एसटीच्या पार्सलने. धंदा म्हणावा इतकी ही कमाई नाही. आमचे सीए दर वर्षी तसं सांगतात.

पार्सल करणाऱ्यांना एकच विनंती. दोन्ही सुकाणू पाठवा, बिघडलेलं एकच नको. सोबत दोन्ही टिलर जोडणारी आडवी नळीही पाठवा. पाती खाली असताना पुढच्या कडांमधलं अंतर मागच्या कडांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी लागतं, आणि ते त्या नळीवरच जुळवावं लागतं. आणि वाळू तिकडेच झटकून या. आमच्या लेथच्या बेडवर ती आम्हाला परवडत नाही.