प्रोजेक्शन टीव्ही हरला तो शोरूममध्ये

रिअर प्रोजेक्शन टीव्ही, म्हणजे पेटीच्या आतून, पडद्याच्या मागून चित्र टाकणारे मोठे टीव्ही, का संपले असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं, धूड होतं, जागा खायचं, फ्लॅट टीव्ही आले आणि हे गेले. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि खरं सांगायचं तर अन्यायाचंही वाटतं. कारण 2004-05 च्या सुमाराला अंधाऱ्या खोलीत, समोर बसून, चांगली डीव्हीडी लावून कुणी हा आणि फ्लॅट एलसीडी दोन्ही शेजारी शेजारी बघितले असते तर काळा रंग खरंच काळा दिसायचा तो तीन पिक्चर ट्यूबवाल्या प्रोजेक्शन टीव्हीवर, तेव्हाच्या एलसीडीवर तो राखाडी दिसायचा. पण तसे बघितले कुणी? आपल्या इंदूरात लोकांनी बघितले ते महाराणी रोडच्या दुकानांत, भर दुपारी, डोक्यावर दहा ट्यूबलाइट आणि गिऱ्हाईक उभं.

हे उभं राहून बघणं त्या टीव्हीला फार महागात पडलं. त्याचा पडदा दोन थरांचा असतो, आतला फ्रेनेल लेन्सचा, जो मागून येणारा प्रकाश सरळ करतो, आणि बाहेरचा बारीक उभ्या रेघांचा, जो तो प्रकाश डावी-उजवीकडे पसरवतो. वर-खाली मात्र फारसा पसरवत नाही, मुद्दामच, म्हणजे सगळा उजेड सोफ्यावर बसलेल्यांच्या डोळ्यांत जावा म्हणून. आता दुकानात माणूस उभा, त्याला दिसतंय अंधारलेलं चित्र, आणि शेजारचा एलसीडी दारातूनच चमकतोय. सेल्समन तरी काय करणार बिचारा, खुर्ची देऊन बसवलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

लोकमान्य नगरला काकांकडे 43 इंची होता, तीन ट्यूबवाला. 2003 च्या वर्ल्ड कपची फायनल सगळ्यांनी तिथेच बघितली, पाँटिंगने नाबाद 140 मारले आणि आपण हरलो तो दिवस. काकांचा नियम एकच, उभं राहायचं नाही, सतरंजीवर बसा, पोरं पुढे, मोठी मागे. जो कुणी उठून दाराशी जायचा तो म्हणायचा, चित्र अंधूक झालं, आणि काका तिथूनच ओरडायचे, "अरे बस खाली, बसून बघ!" केबलचं चित्र तेवढ्या मोठ्या पडद्यावर फाटल्यासारखं दिसायचं हेही खरं आहे, पण तो दोष सिग्नलचा होता, टीव्हीचा नाही, आणि शिव्या मात्र टीव्हीनेच खाल्ल्या.

त्या सेटची खरी मजा कळायची ती मेकॅनिक आला की. आत लाल, हिरवी, निळी अशा तीन छोट्या ट्यूब, साधारण 7 इंचाच्या, प्रत्येकीपुढे जाड लेन्स, मधे थंड ठेवायला द्रव भरलेला, आणि तिन्हींची चित्रं मोठ्या आरशावरून येऊन पडद्यावर एकावर एक तंतोतंत बसली पाहिजेत. जरा सरकली की धोतराच्या काठासारखी लाल-निळी किनार दिसायला लागते. ते जुळवणं म्हणजे कन्व्हर्जन्स. मेकॅनिक आल्या आल्या टीव्ही चालू करायचा आणि म्हणायचा, "भाईसाहब, पहले आधा घंटा गरम होने दो", कारण गार सेट जुळवला तर गरम झाल्यावर परत सरकतो. मग काकूंचा चहा, आणि मग पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. हिरवीला हात लावायचा नाही, ती मूळ धरायची आणि लाल, निळी तिच्यावर आणून बसवायची, एकेका चौकटीत, रिमोटने, मधून सुरुवात करून कोपऱ्यांपर्यंत. दोन्ही बसल्या की ती जाळी एकदम पांढरी व्हायची. मी ते तोंड उघडं ठेवून बघत बसायचो, आजच्या कुठल्याही टीव्हीच्या सेटिंगमध्ये मला ते समाधान मिळालेलं नाही.

नंतर लॅम्पवाले आले, म्हणजे ट्यूबऐवजी एका दिव्याच्या उजेडावर चालणारे, एलसीडी आणि डीएलपी प्रोजेक्शन. हे बरेच हलके, पातळ, जुळवाजुळव नाही. पण लॅम्प काही हजार तासांत जाणार आणि तो महाग. त्यात आपल्याकडची लाइट! मध्य प्रदेशात तेव्हा कपात किती व्हायची ते त्या काळातल्यांना सांगायला नको, 2003 ची निवडणूकच बिजली-सडक-पानीवर झाली. लॅम्प बंद केल्यावर पंखा थोडा वेळ चालून त्याला गार करतो, लाइट झटक्यात गेली की पंखाही थांबतो आणि लॅम्प तसाच तापलेला राहतो. असं वारंवार झाल्यावर आयुष्य घटणारच.

डीएलपीची चिप मात्र काय चीज आहे! टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये काढलेली. नखाएवढ्या जागेत दिव्याचा उजेड पडद्याकडे वळवणारे लाखो आरसे, 1280 बाय 720 वाल्या चिपवर तर नऊ लाखांच्या वर, प्रत्येक आरसा केसाच्या जाडीहून लहान आणि सेकंदाला हजारो वेळा कलणारा. याच कामासाठी हॉर्नबेकना 2015 मध्ये ऑस्कर मिळालं, कारण थिएटरातले डिजिटल प्रोजेक्टर त्याच चिपवर चालायला लागले होते. म्हणजे तंत्र वाईट नव्हतं, घरातून हाकललं गेलं एवढंच.

हाकललं कुणी, तर फ्लॅट एलसीडीच्या कारखान्यांनी. शार्पचा जपानमधल्या कामेयामाचा दुसरा कारखाना 2006 ला सुरू झाला, तिथे एकेक काच 2160 बाय 2460 मिलिमीटरची, एका काचेतून 52 इंची सहा पॅनल निघायचे. तोपर्यंत मोठा पडदा स्वस्तात हवा तर प्रोजेक्शनच, हा एकच हुकमाचा एक्का होता आणि तो इथे गेला. सोनीने 2007 च्या डिसेंबरमध्ये हात वर केले, मग सॅमसंग, आणि मित्सुबिशी एकटी लढत राहिली, लेझरवाला काढला, 92 इंची काढला, शेवटी 2012 च्या डिसेंबरमध्ये तिनेही थांबवलं. 92 इंची ज्यांनी काढला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

कुणाकडे अजून तीन ट्यूबवाला पडून असेल तर भंगारात द्यायच्या आधी एवढं बघा. रेघा वाकड्या झाल्यात आणि रिमोटने जुळत नाहीत तर ट्यूब गेली असं लगेच समजू नका, बहुतेक वेळा कन्व्हर्जन्सचे एसटीके आयसी, म्हणजे ती जुळवणी सांभाळणाऱ्या चिप, गेलेले असतात, ते बदलता येतात, फक्त बाजारात नकली फार आहेत तेव्हा जाणकार माणसाकडूनच घ्या. चित्र धुरकट असेल तर ट्यूबपुढचा द्रव गढूळ झालेला असू शकतो, तोही बदलतात. आरशाला ओला कागद, फडकं काही लावू नका, त्याचा मुलामा काचेच्या वरच्या बाजूला असतो, एकदा ओरखडा पडला की पडला. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत हाय व्होल्टेज राहतं.