नकाशावर नसलेली दिंडी

आषाढी वारीत चांदोबाच्या लिंबाला ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या ओळींमधून अश्व धावला. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला मी ओळीतून बाहेर पडलो आणि परत वळलो तर माझी दिंडी दिसेना. पताका सगळीकडे, टाळांचा गजर सगळीकडे, पण ओळखीचा चेहरा एकही नाही.

मोबाइल काढला. निळा ठिपका अगदी बरोबर लोणंद-तरडगाव रस्त्यावर होता. उघड्या आभाळाखाली जीपीएस सहसा चुकत नाही, आणि त्याला नेटवर्कही लागत नाही. उपग्रहांचे संकेत फोनला थेट मिळतात. नकाशा मी सासवडच्या मुक्कामी उतरवून ठेवला होता. फोन मात्र कुणालाच लागेना. एवढी माणसं एका रस्त्यावर आली की टॉवरचाही जीव तो केवढा!

तरडगाव पुढे दिसत होतं, म्हणून झपाझप निघालो. बरंच चालल्यावर लक्षात आलं, की तिथं पोचून तरी काय करणार? राहुट्या पडतात कुणाच्या तरी शेतात. नकाशावर ती जागा नुसती कोरी. घशाला कोरड पडली.

डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींनी माझा चेहरा वाचला असावा.

"चुकलास व्हय माउली? कितवी दिंडी? रथापुढची का मागची?"

"मागची."

"मग पळतोस कुठं? रथ यायचाय अजून. थांब हितंच."

त्या पुढे गेल्या. मी कडेच्या बाभळीखाली उभा राहिलो. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात, बाकीच्या मागे. प्रत्येकीचा नंबर आणि क्रम ठरलेला. खूण एकच, रथ. आणि ती खूणही आपल्याबरोबर चालत असते. हे कुठल्या नकाशात कसं बसणार? पहिल्यांदा वारीला निघालेल्या प्रत्येकाला मी आता कळकळीनं सांगतो: दिंडीचा नंबर, पुढची की मागची, आणि सामानाच्या ट्रकचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. फोनमध्ये नको, कागदावर.

रथ आला. हात जोडले. मग एकेक पाटी वाचत, आकडे मोजत राहिलो. ऊन उतरायला लागलं तेव्हा आमची पताका दिसली आणि मागोमाग आमचे वीणेकरी. कुणी काही विचारलं नाही. टाळकऱ्यांच्या दुसऱ्या ओळीत माझी जागा तशीच रिकामी होती.