संगीताची रात्र आणि रविवारचा लाँग रन

आमच्या धावणं शिकवण्याच्या धंद्यात डिसेंबरइतका अवघड महिना दुसरा नाही. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे ३० आणि ३२ किलोमीटरचे लाँग रन, म्हणजे सरावातल्या सर्वांत लांब धावा, बरोबर डिसेंबरात येतात. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची रांगही तेव्हाच सुरू होते, वर ऑफिसच्या पार्ट्या आणि थर्टी फर्स्ट. पुण्यात मी ज्यांना धावायला शिकवतो ते बहुतेक तिशी-चाळिशीतले नोकरदार आहेत आणि त्यांना मेडलही हवं असतं, मैफलही. माझी हरकत नसते. दारू सोडा असं मी कुणाला सांगत नाही, सांगून कुणी सोडतही नाही. मी भांडतो ते क्रमावरून. रात्री पार्टी आणि पहाटे लाँग रन, हा क्रम उलटा आहे.

त्या रविवारी पहाटे पाचला विद्यापीठाच्या मुख्य गेटपाशी बॅच जमली. ३२ किलोमीटर ठरले होते. डिकीत नेहमीचं सामान होतं: पाण्याचे कॅन, केळी, शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, ओआरएसची पाकिटं. सुरुवातीला मी प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारतो. झोप किती झाली, लघवीचा रंग कसा होता, उठल्यावर नाडी किती होती.

एक गडी जरा लांबच उभा होता. वय ३८, वजन ७२ किलो, तीन हाफ मॅरेथॉन झालेला, पहिल्या फुल मॅरेथॉनच्या (४२ किलोमीटर) तयारीत. आदल्या रात्री मावसबहिणीचं संगीत होतं. "सर, रात्री थोडं जास्त झालं. पहिल्या दहा किलोमीटरात घामावाटे काढून टाकतो."

हा गैरसमज भल्याभल्यांना असतो. अल्कोहोलचा ९० टक्क्यांहून अधिक भाग यकृतच निस्तरतं. घाम, श्वास आणि लघवीतून जाणारा वाटा किरकोळ. यकृताचा वेगही ठरलेला असतो, तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही तो वाढत नाही. त्याचा हिशेब मी तिथेच उभ्याउभ्या केला. ६० मिलीचा पेग, ४२.८ टक्क्यांची व्हिस्की, म्हणजे पेगमागे २० ग्रॅम अल्कोहोल. चार पेगचे ८० ग्रॅम. पहिला घोट रात्री नऊला. पहाटे पाचपर्यंत आठ तास, तासाला ८ ग्रॅम धरले तर ६४ ग्रॅम गेले. उरले १६. या वजनाच्या माणसात ते १०० मिली रक्तामागे ३३ मिलिग्रॅमच्या आसपास भरतात, आणि गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे ३०. गडी मोटरसायकलवरून आला होता. शिवाय लग्नघरातला पेग कधी ६० मिलीचा नसतो. भावकीतला कुणी हाताने ओततो तेव्हा तो ९०च्या घरात जातो.

इथपर्यंत नवीन काहीच नव्हतं. अशांना मी चार किलोमीटर चालायला लावून घरी पाठवतो. कारण रात्रभर यकृत अल्कोहोलच्या मागे लागलेलं असतं, नवीन साखर तयार करण्याचं त्याचं काम मंदावतं, आणि लांब पल्ल्यावर पंधरा-वीस किलोमीटरनंतर साखर एकदम खाली येते. अल्कोहोलमुळे पाणी राखणारं संप्रेरक दबतं, म्हणून रात्रभर लघवी होते आणि माणूस कोरडा पडूनच पहाटे उभा राहतो. त्यात हा मोजडी घालून तीन तास नाचला होता. घड्याळात रात्री नऊ ते एक या वेळात १४ हजार पावलं दिसत होती. पोटऱ्यांचा अर्धा लाँग रन तिथेच झाला होता.

नाडीचा आकडा मात्र मला खटकला. एरवी याची सकाळची नाडी ५४. घड्याळ दाखवत होतं ११२, मग ८८, लगेच १३१. थंडीत मनगटावरचा सेन्सर चुकतो, पट्टा सैल असला तर आणखी चुकतो, त्यामुळे अशा वेळी मी घड्याळावर विश्वास ठेवत नाही. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे कामाची नाही, कारण आकड्यापेक्षा ताल महत्त्वाचा असतो. नुसती जलद नाडी असती तर ठोके वेगाने पण सारख्या अंतराने आले असते. याचे दोन ठोके चिकटून येत, मग मोठी फट, मग एक जोराचा, मग दोन इतके क्षीण की बोटाला जेमतेम लागत. कुठलाच ताल धरत नव्हता.

"छातीत काही होतंय का?"

"फडफड होतेय सर, मध्यरात्रीपासून. ॲसिडिटी असेल. डोकं दुखत होतं म्हणून निघताना एक गोळी घेतली."

गोळी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलची. कोरड्या पडलेल्या अंगात आयबुप्रोफेन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतं, वर ३२ किलोमीटर धावलं तर मूत्रपिंड बसायची वेळ येऊ शकते. पॅरासिटामॉलचा भार पुन्हा त्या थकलेल्या यकृतावरच. धावण्याआधी वेदनाशामक नको हे मी बॅचला वर्षभर घोकून सांगतो. पण या क्षणी गोळी दुय्यम होती.

त्याला मी चालूही दिलं नाही. ताल असा सुटलेला असताना जोर लावला तर ठोके १८०-२००च्या वर जाऊ शकतात, हृदय नीट भरत नाही, माणूस भोवळ येऊन पडतो. मोटरसायकलची किल्ली काढून घेतली, मागच्या सीटवर बसवलं, कॉफी नाही, दुसरी गोळी नाही. बॅच माझ्या जोडीदाराकडे सोपवली आणि थेट जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठला.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांना सिग्नल कसेही पोचतात. निरोगी माणसाला दणकून पिण्यानंतर हे होतं, त्याला १९७८ पासून डॉक्टर 'हॉलिडे हार्ट' म्हणतात. रक्तातलं पोटॅशियम ३.३ आलं, ते किमान ३.५ हवं. रात्रभराच्या लघवीतून क्षार गेले होते आणि त्याने प्यायलं होतं नुसतं साधं पाणी. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि थायरॉईड ठीक होते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, हे सुरू कधी झालं? ४८ तास उलटून गेले की थरथरणाऱ्या कप्प्यात गुठळी झाल्याची धास्ती वाढते आणि उपचारांची दिशाच बदलते. 'मध्यरात्रीपासून' हे उत्तर मोघम होतं. फोनवर घड्याळाचा आलेख उघडला तर २ वाजून ४० मिनिटांपर्यंत रेघ सत्तरीत होती आणि तिथून एकदम ११८ वर उडी. पहाटे गेटपाशी ज्या घड्याळाला मी बाजूला सारलं होतं, त्याचा आलेख इथे कामी आला. आकडे बेभरवशाचे असले तरी बदलाची वेळ कळते. सलाईन, पोटॅशियम, ठोके आवरणारं औषध, आणि रात्री आठच्या सुमारास ताल आपोआप जागेवर आला.

त्या जानेवारीत तो फुल धावला नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी आधी सक्त विश्रांती दिली, मग होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं अंगावरचं ईसीजी यंत्र, लावून बघितलं, मग हळू जॉगिंग. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आमच्या जमातीला ऐकायला आवडत नाही: वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचे व्यायाम करणाऱ्या पुरुषांत हा विकार थोडा जास्तच आढळतो. त्यात दारूची भर घातली की दोन्ही बाजूंनी ओढ बसते.

तेव्हापासून सप्टेंबरात वेळापत्रक आखतानाच मी प्रत्येकाकडून लग्नपत्रिकांच्या तारखा मागून घेतो. शनिवारी संगीत असेल तर लाँग रन गुरुवारी. गुरुवार जमत नसेल तर शनिवारी पहाटेच, साडेआठच्या आत उरकायचा, पण मग संध्याकाळची तयारी सकाळपासून करायची. धावण्याआधी आणि नंतर वजन करायचं. जितके किलो घटले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी दुपारभरात प्यायचं, त्यातलं एक लिटर ओआरएस. एक लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच. पेलाभर पाण्यात ओतणारे महाभाग दरवर्षी भेटतात. दुपारी वरणभात आणि अंडी किंवा पनीर पोटभर. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या एका अभ्यासात व्यायामानंतर भरपूर दारू प्यायलेल्यांना प्रथिनं देऊनही स्नायूंची बांधणी २४ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. म्हणजे प्रोटीन शेक मारला की सगळं माफ, असं नाही.

हॉलवर मापाचे दोन पेग, तेही जेवणानंतर, मध्ये सोडा किंवा पाण्याचा एक ग्लास, आणि साडेदहाला शेवटचा घोट. दोन पेग म्हणजे ४० ग्रॅम, पाच-सहा तासांत साफ. तरी रविवारी धावायचं नाही, सोमवारी हळू सहा किलोमीटर. नाचायला बूट. शेरवानीवर शोभत नाहीत, ही तक्रार मी ऐकून घेत नाही. रेसआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत थेंबही नाही.

थर्टी फर्स्टचं काही करता येत नाही. १ जानेवारीला पहाटे संकल्प घेऊन बॅच अशी फुलते की वर्षात कधी फुलत नाही, आणि वासही तसाच. म्हणून त्या दिवशीचा रन मी आता संध्याकाळी साडेपाचला ठेवतो, आठ किलोमीटर, आणि आधी सगळ्यांची नाडी हाताने, पूर्ण एक मिनिट.