आधी तास मोजा, मग पोस्ट ठरवा

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या आमच्या तंत्रज्ञान परिषदेच्या प्रसिद्धीचे आणि ऑनलाइन समूहाचे काम गेल्या वर्षी माझ्याकडे आले, तेव्हा मी सर्वांत आधी एक देखणा तक्ता तयार केला: आठवड्याला तीन पोस्ट आणि प्रत्येकीपुढे लिहिणाऱ्याचे नाव. चौथ्या आठवड्यात तो कोलमडला, कारण एकाची परीक्षा आली, दुसरीच्या कार्यालयात वर्षअखेरीचे हिशेब सुरू झाले आणि तिसऱ्याने ग्रुपवर जो अंगठा टाकला होता तो होकाराचा नव्हता, हे मला उशिरा कळले. पगारी माणसाला जाब विचारता येतो. पदरचा वेळ घालणाऱ्याला कोणत्या तोंडाने विचारणार?

यंदा मी हिशेब उलटा मांडला आहे. कोणाकडे आठवड्याचे किती तास खरोखर मोकळे आहेत हे आधी विचारले आणि तेवढ्यात मावतील एवढ्याच घोषणा ठेवल्या: व्याख्यानांचे प्रस्ताव मागवणे, निवड, नोंदणी, वेळापत्रक. मधल्या जागा मागील व्याख्यानांच्या चित्रफितींनी भरायच्या आणि त्यासाठीची परवानगी प्रस्तावाच्या अर्जातच घ्यायची. ब्रसेल्सला भरणाऱ्या फॉसडेम या स्वयंसेवी परिषदेत चित्रफीत नेमकी कुठे सुरू होते व कुठे संपते, हे तपासण्याचे काम वक्त्यांकडे आणि दालने सांभाळणाऱ्यांकडेच सोपवलेले असते. ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

तारखांच्या बाबतीत मात्र आम्ही ठेच खाल्ली. प्रस्तावांची अंतिम तारीख आम्ही पोस्टरवर ठळक अक्षरांत छापली, पुढे मुदत दहा दिवसांनी वाढवली, आणि जुने पोस्टर मात्र या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतच राहिले. मुदत संपली असे समजून ज्यांनी प्रस्ताव पाठवलाच नाही, ते किती होते हे कधीच कळणार नाही. आता पोस्टरवर फक्त दुवा असतो आणि तारीख एकाच पानावर, कोणत्या देशाच्या वेळेनुसार (टाइम झोन) यासह लिहिलेली असते. शिवाय चित्रातली अक्षरे स्क्रीन रीडरला, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, सहसा वाचता येत नाहीत, हा दोष तर पहिल्यापासूनच होता.

समूहाविषयी माझे मत थोडे कडवट आहे. नवे चॅनेल उघडायला मिनिट पुरते, पण तिथे उत्तर द्यायला माणूस लागतो. म्हणून आम्ही चौदा चॅनेलांची चार केली आणि आचारसंहितेविषयीच्या तक्रारी कोणाकडे करायच्या, हे प्रत्येकाच्या माथ्यावर लिहिले. स्लॅक या समूह-संवादाच्या ॲपच्या मोफत योजनेत २०२२ पासून केवळ मागील ९० दिवसांचे संदेश दिसतात, त्यामुळे वर्षातून एकदा भरणाऱ्या परिषदेला तिथे स्मरणशक्तीच उरत नाही. यावर उपाय म्हणून, जो उत्तर देईल त्यानेच ते त्याच दिवशी प्रश्नोत्तरांच्या पानावर उतरवायचे, असे आम्ही ठरवले. सध्या त्या पानावरचे निम्म्याहून अधिक प्रश्न व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्राचे आहेत, त्यामुळे पुढच्या पोस्टचा विषय मला शोधावा लागलेला नाही.